मी लावलेली वायर

आमच्या घरात एखादी वस्तू आली की ती जुनी व्हायच्या आधी तिचे किस्से जुने होतात. मिक्सरचे चार झाले, वॉशिंग मशीनचे सहा. पण डिस्क प्लेयरचे इतके साठलेत की आता पाहुणे चहाच्या आधी तेच मागतात. "ते स्क्रूचं सांगा ना!" "नाही, आधी कुंकवाचं!" सांगायचं काम बाकीचे करतात, मी कोपऱ्यात बसून ऐकते. गंमत म्हणजे प्रत्येक जण सांगताना स्वतःचा भाग थोडा कमी करतो आणि माझा थोडा वाढवतो. तोंडाने भांडणं मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवतेय. माझा भाग मी अजिबात कमी केलेला नाही. कमी केला तरी फरक पडेल असं वाटत नाही!

मुळात आमच्या घरात आवाजाचा घोळ आधीपासूनच आहे. पप्पा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. दिवसभर प्रेस मशीनच्या धडधडीत बोलून त्यांना तीच सवय लागलीय. जेवताना ते मीठ मागतात तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक मीठ घेऊन वर येतील की काय, असं वाटतं. माझं उलट. मी नववीत आहे, आणि तोंडी परीक्षेला माझं उत्तर ऐकायला बाईंना पुढे वाकावं लागतं.

आणि आजोबा. त्यांनी सगळं आयुष्य मिठागरात काढलं. आता त्यांना फार कमी ऐकू येतं. कानातलं मशीन आणून दिलं होतं, ते दोन दिवसांत डबीत गेलं. "त्यात कावलं वरडतात," असं त्यांचं म्हणणं.

पण आजोबांना सिनेमाचा भारी नाद. तरुणपणी काम आटपून ते मोरव्यातून चालत उघड्या मैदानातला सिनेमा बघायला जायचे आणि मुद्दाम भोंग्याखाली बसायचे. आता ते टीव्हीसमोर बसतात, पण पडद्यावर कुणी काही बोललं की आमच्या तोंडाकडे बघतात. आम्ही हसलो की तेही हसतात. ते बघून बघून पप्पांनी एक दिवस जाहीर केलं (म्हणजे साधं सांगितलं, पण त्यांचं सांगणं जाहीरच असतं), "बाबांना सिनेमा ऐकू आला पाहिजे. एकदम थेटरसारखा! प्लेयर घ्यायचा तर भारीतला घ्यायचा."

नवीन बाइक घ्यायची होती, ती राहिली.

*

स्पीकर घरात होते. मामाची पुण्याला बदली झाली तेव्हा त्याचा रिसीव्हर, पाच छोटे स्पीकर आणि एक मोठा काळा खोका आमच्याकडे आला होता. रिसीव्हर म्हणजे ज्याला सगळे स्पीकर जोडतात ते मशीन. आणि तो काळा खोका म्हणजे सबवूफर, फक्त ढगांच्या गडगडाटासारख्या जाड आवाजासाठी.

प्रश्न असा होता की मामाचा रिसीव्हर जुना. नवीन प्लेयरचं फोर-के चित्र त्याला झेपणार नव्हतं. मी दोन आठवडे मोबाइलवर व्हिडिओ बघून शोधून काढलं की भारीतल्या प्लेयरना मागे दोन एचडीएमआय, म्हणजे चित्र-आवाजाच्या वायरीची भोकं, असतात. एकातून चित्र थेट टीव्हीला द्यायचं, दुसऱ्यातून नुसता आवाज रिसीव्हरला. हे मी पप्पांना कागदावर आकृती काढून दाखवलं. पप्पांनी आकृती फ्रिजवर लावली आणि आल्या-गेल्याला सांगायला लागले, "आमची सायली इंजिनियर आहे!"

इथून माझे ग्रह फिरले.

*

शोरूम मीरा रोडला, पूनम सागरच्या बाजूला. आम्ही तिघं गेलो: पप्पा, मी आणि बाळूकाका. बाळूकाका पप्पांचे धाकटे भाऊ. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं.

मी वहीच्या पानावर सेल्समनला विचारायचे पाच प्रश्न लिहून नेले होते. पण तो इतका टापटीप होता, शर्टाला इस्त्री, गळ्यात कार्ड, की माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी कागद हळूच पप्पांच्या हातात सरकवला. पप्पांनी चष्मा लावला आणि कारखान्यातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"पहिला! इसको पीछे दो एचडीएमआय है क्या? दुसरा! पुराना डीव्हीडी चलता है क्या?"

सगळी शोरूम थांबून ऐकत होती. पप्पा वाचत वाचत पाचव्यावर आले आणि तो मात्र मराठीतला मराठीतच, जसाच्या तसा वाचला, "पाचवा! रिमोट बारीक असतो का, कारण पप्पा रिमोटवर बसतात. कंसात... हा प्रश्न विचारायची लाज वाटली तर सोडून देणे. कंस पूर्ण!"

सेल्समनचं नाव नंतर कळलं, पाटील. म्हणजे आमचं मराठी सगळं समजत होतं त्याला.

*

तोपर्यंत बाळूकाका मांडून ठेवलेल्या प्लेयरांचं वजन करत फिरत होते. एकेक दोन्ही हातांनी उचलायचा, कलिंगड बघतात तसा तळव्यावर तोलायचा आणि परत ठेवायचा.

"हलका हाय. हापण हलका. आत कायच नाय याच्या. दादा, मशीनचा दर्जा वजनावर असतो, लिहून घे!"

मग ते एका लांबट, चांदीच्या रंगाच्या प्लेयरपाशी आले. एका हाताने उचलला, उठला नाही. दोन हातांनी उचलला, उठला नाही. काका थक्क झाले.

"दादा! हा बघ! ह्याला म्हणतात माल! काय भरीव हाय! हलत पण नाय!"

सेल्समन धावत आला. "काका, काका, तो टेबलाला स्क्रूने फिट केलाय. चोरीला जाऊ नये म्हणून."

काकांनी हात सोडले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, "तेच म्हणतोय मी. चोरांना पण कळतंय ना, चांगला कुठला ते!"

आणि आम्ही तोच घेतला. मागे दोन एचडीएमआय असलेला, त्या किमतीत तेवढा एकच होता. काका अजून सांगतात की तो त्यांनी वजनावरून निवडला.

*

प्लेयर घरी आला त्या दिवशी आईने पूजा केली. नारळ, फूल, अगरबत्ती. मग प्लेयरच्या कपाळावर, म्हणजे समोरच्या काळ्या पट्टीवर अगदी मधोमध, हळद-कुंकू लावलं. पप्पांनी रिमोट हातात घेऊन बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. सेल काढून घातले. सेल चावून बघितले (हे पप्पांनी केलं, मी नाही). सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात इंजिनियर असल्यावर काय करणार! मी मॅन्युअल काढलं आणि "अडचणी व उपाय" हा धडा पहिल्यापासून वाचायला घेतला. प्लग काढून दहा मिनिटं थांबलो. दुसऱ्या बोर्डाला लावला. ट्यूबलाइट बंद करून बघितली, कारण मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की जास्त उजेडाने रिमोट अडतो. आम्ही सगळे अंधारात बसून बटणं दाबत होतो.

शेवटी आई वैतागून उठली, "आधी ते पुसू दे, कुंकू सांडलंय सगळीकडे," म्हणत पदराने पट्टी पुसली, आणि पप्पांच्या अंगठ्याखाली प्लेयर टुणकन चालू झाला. रिमोटचा डोळा नेमका त्या कुंकवाखाली होता.

आई मॅन्युअलकडे बघत म्हणाली, "एवढं जाड पुस्तक, आणि कुंकवाचं काहीच लिहिलं नाही?"

*

वायरी मीच जोडल्या. प्लेयरचं मॅन्युअल मी दोनदा वाचलं होतं. रिसीव्हरचं मॅन्युअल मामाकडून हरवलं होतं, पण मला वाटलं, त्यात काय एवढं! पहिली वायर टीव्हीला. दुसरी रिसीव्हरला. सगळं झाल्यावर मी प्रत्येक वायरीला छोटी चिठ्ठी चिकटवली, माझ्या चांगल्या अक्षरात: "बरोबर आहे. हात लावू नये."

मग स्पीकरची तपासणी. रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक आला होता. तो सोफ्यावर ठेवायचा, बटण दाबायचं, मग रिसीव्हर स्वतःच एकेका स्पीकरमधून हूप-हूप असे आवाज काढतो आणि माइकने ऐकून सगळं जुळवतो. अट एकच. घरात पूर्ण शांतता पाहिजे.

आमच्या घरात!

पप्पांना तोंडावर हात ठेवायला सांगितलं. आईने कुकर बंद केला. पंखा बंद. खिडक्या बंद. आजोबा त्यांच्या खुर्चीत, बाजूला सबवूफर, त्यावर त्यांचा हात. हूप सुरू झालं. एक स्पीकर झाला, दोन झाले, तीन झाले... आणि दारावरची बेल वाजली.

समोरच्या जिग्नाबेन होत्या, घाबरलेल्या. "बधुं बराबर छे ने? तमारे त्यांथी आजे अवाज ज नथी आवतो!" आमच्याकडून आवाज येत नाही म्हणजे काहीतरी वाईट झालं, असं वाटून त्या ओढणी सावरत धावत आल्या होत्या.

पहिल्यापासून सुरू केलं. यावेळी जिग्नाबेनही तोंडावर हात ठेवून सोफ्यावर. पाच स्पीकर नीट झाले आणि शेवटी सबवूफरने घुम्म केलं. आजोबांनी चटका बसल्यासारखा हात उचलला, खोक्याकडे बघितलं, परत हात ठेवला.

"अगो बाय," ते मला म्हणाले, "यो तं जिता हाय!"

तपासणी तिसऱ्यांदा करावी लागली. पण मला काही वाटलं नाही. सगळे स्पीकर वाजले होते, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी पास!

*

प्लेयर आला, जोडला, मग लक्षात आलं की आमच्याकडे डिस्कच नाही.

पप्पा मला घेऊन नया नगरमध्ये गेले. तिथे एका दुकानात पूर्वी पप्पा सीडी घ्यायचे. आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती. मालकाने पप्पांना ओळखलं, प्रेमाने बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "डिस्क? भाईजान, आप इतने साल थे कहाँ?"

शेवटी सेल्समन पाटीलने प्लेयरबरोबर फुकट दिलेली नमुन्याची डिस्क कामी आली. तिच्यात गोष्ट नाही, माणसं नाहीत. धबधबा, मग हत्तींचा कळप, मग समुद्रावर वादळ आणि विजा. बारा मिनिटांत संपते. पप्पांनी ऑनलाइन एक सिनेमा मागवला होता, पण तो येईपर्यंत आमच्याकडे रोज संध्याकाळी वादळ!

रविवारी आत्या आल्या, काका-काकू आले, जिग्नाबेन आल्या. पप्पांनी पडदे लावले.

"अगो गो, पाणी अंगावर येतंय!" आत्या पाय वर घेऊन बसल्या.

"थेटरनं झक मारली!" काका म्हणाले. मग ते उठून रिसीव्हरपाशी गेले आणि त्याचं मोठं गोल बटण दोन बोटांनी, डोळे मिटून, अगदी हळू फिरवलं. "आता बघा. फरक कळतोय?"

"हो हो!" आत्या म्हणाल्या. "आता कसा भरला!"

"जरा जास्त झाला," काकू म्हणाल्या. काकांनी केसभर मागे घेतलं. "हां, आता बरोबर."

पप्पा आजोबांच्या कानाशी वाकले. "बाबा! येतंय का ऐकू?"

आजोबांनी चहाचा ग्लास सबवूफरवर ठेवला. त्या रविवारपर्यंत तो खोका त्यांचं स्टूल झाला होता. "येतंय येतंय," ते म्हणाले, आणि पप्पांच्या तोंडाकडे बघून हसले. पप्पा इतके खूश झाले की त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "हिने जोडलं! सगळं हिने!" टाळ्या वाजल्या. मी लाजून पडद्यात शिरले, खरोखरच्या पडद्यात.

*

तीन आठवडे गेले. शनिवारी दुपारी शाळेतून आले, घरात आई तेवढी आत झोपलेली. आजोबा खाली गेले होते. मी वादळ लावलं. आईची झोपमोड नको म्हणून टीव्हीच्या रिमोटवर म्यूट दाबलं.

सगळं बंद झालं. ढगसुद्धा.

मी तशीच उभी राहिले. आवाज रिसीव्हरमधून येत असेल, तर टीव्ही म्यूट करून ढग कसे गप्प होतील? मी पाचही स्पीकरना एकेक करून कान लावला. मग कपाटामागे डोकं घातलं. रिसीव्हरच्या मागे एका ओळीत भोकं होती. पाचांवर "इन" लिहिलेलं, एकावर "आउट". प्लेयरची वायर मी आउटमध्ये घातली होती. तेव्हा मला वाटलं होतं, आवाज इथूनच तर बाहेर येणार! तपासणीचे हूप-हूप रिसीव्हरचे स्वतःचे होते. प्लेयरचा एक शब्दही त्याच्यापर्यंत कधी पोचला नव्हता. तीन आठवडे सगळे चित्राच्या वायरीतून टीव्हीला जाणारा आवाजच ऐकून पाय वर घेत होते.

आणि वायरीवर चिठ्ठी होती. "बरोबर आहे. हात लावू नये."

हसू यायला पाहिजे होतं. पण मला आजोबांचं "येतंय येतंय" आठवलं आणि पप्पांची न घेतलेली बाइक.

संध्याकाळी पप्पा आले. आई मिक्सरवर चटणी वाटत होती. मी सगळा धीर गोळा करून म्हणाले, "पप्पा, त्याचा आवाज येत नाहीये."

"काय?"

"आवाज येत नाहीये!"

"माहितीये ते!" पप्पा ओरडले. "तुझा कधी येतो? मोठ्याने बोल!"

मी म्हटलं, काही नाही.

*

दुसऱ्या दिवशी रविवार. पप्पांनी मागवलेला सिनेमा आला नव्हता, तरी आत्या आणि काका-काकू वादळ बघायला हजर. सकाळी सगळे नाक्यावर वडे आणायला गेले तेव्हा मी कपाटामागे शिरले, वायर आउटमधून काढून इनमध्ये घातली. टीव्हीचा आवाज बंद करून ठेवला. चिठ्ठी फाडून खिशात घातली. एकच गोष्ट राहिली. ते गोल बटण काकांनी इतक्या रविवारांत फिरवून फिरवून कुठे नेऊन ठेवलंय, ते मी बघितलंच नाही.

पप्पांनी पडदे लावले. धबधबा सुरू झाला.

शोकेसमधले कप वाजायला लागले. आत्यांच्या हातातला वडा खाली पडला. काका "अरे! अरे!" करत रिसीव्हरकडे धावले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते बटण फिरवलं आणि खरोखर काहीतरी झालं. दचकून त्यांनी हात मागे घेतला. मग पप्पांनीच ते बेताचं केलं. तेवढ्यात हत्ती आले, आणि ते आमच्या पाठीमागून आले. आत्यांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं.

"काहीतरी बिघडलंय," आत्या म्हणाल्या. "आधी किती छान होतं. सगळं समोरून यायचं. आता हत्तीसाठी मागे बघायचं का मी?"

"सेटिंग हललंय," काका म्हणाले. "मी लावून ठेवलं होतं एकदम परफेक्ट. कुणी हात लावला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. का ते मला अजून कळलेलं नाही. पाय आपोआप उभे राहिले, आणि आवाज आला तो माझा वाटत नव्हता. पप्पांचा वाटत होता.

"वायर चुकीची होती! तीन आठवडे! मीच लावलेली! स्पीकर आज पहिल्यांदा वाजतायत!"

हत्ती संपले.

"म्हणजे," काका सावकाश म्हणाले, "मी जे फिरवत होतो..."

"ते कशालाच लागलेलं नव्हतं, काका."

काकू पदर तोंडावर धरून हलायला लागल्या. दारावरची बेल वाजली, जिग्नाबेनच असणार, पण दार उघडायला कुणी उठलं नाही, कारण पप्पा आजोबांसमोर जाऊन उभे राहिले होते.

"बाबा! तीन आठवडे काहीच वाजत नव्हतं! आणि तुम्ही रोज मला सांगत होता, ऐकू येतंय म्हणून?"

आजोबांचं लक्षच नव्हतं. समुद्रावर वादळ सुरू झालं होतं. सबवूफरवरचा त्यांचा चहाचा ग्लास थरथरत, एकेक बोट करत, खोक्याच्या कडेकडे निघाला होता. त्यांनी तो उचलून खाली ठेवला, दोन्ही तळवे खोक्यावर पसरले आणि डोळे मिटले. वीज कडाडली की त्यांच्या भुवया वर जायच्या.

मग डोळे न उघडताच ते मला म्हणाले, "आज उठला गो यो, बाय. मना वाटला निजलाय. निजलेल्याला कशाला उठवाचा?"